एकतीस पाकिटं

आहेर नाना गेले त्या दिवशी आमच्या ‘एकलहरे परिवार’ ग्रुपवर पंधरा मिनिटांत अडतीस जणांनी हात जोडले. मी मोजले. थर्मलच्या, म्हणजे तिथल्या वीजकेंद्राच्या, टाइम ऑफिसात तीस वर्षं हजेऱ्या घेतल्यात, मोजायची खोड काही सुटत नाही. कुणी फुलं पाठवली, कुणी समई, आणि एका महाभागाने घाईघाईत वाढदिवसाचा केक पाठवून लगेच पुसून टाकला. ज्या माणसाच्या पत्राला उत्तराच्या दोन ओळी लिहायला यांना वर्षानुवर्षं सवड झाली नाही, त्याच्या मरणाला बरी चटकन सवड झाली! मेलेल्या माणसाचं तेवढं एक बरं, तो उलटून काही विचारत नाही.

मीही हात जोडले. सगळ्यांत शेवटी.

नाना मूळचे सटाण्याकडचे. थर्मलमध्ये बॉयलरचं पाणी तपासायच्या लॅबमध्ये अख्खी नोकरी काढली. उंच, किंचित वाकलेले, इस्त्री नसलेला पण पांढराशुभ्र सदरा. एकलहऱ्याच्या कॉलनीत दोरीवर टाकलेला कपडा संध्याकाळपर्यंत राखेने करडा व्हायचा, तिथे यांचा सदरा पांढरा कसा राहतो हे बायकांना कोडं होतं. ते स्वतः धुवायचे, स्वतः वाळत घालायचे आणि वाळेपर्यंत शेजारी उभे राहायचे. इतका वेळ या माणसाकडे होता, किंवा इतका धीर. आणि पाणी! कुणाकडेही पाणी प्यायला दिलं की आधी ग्लास उजेडाकडे धरून बघणार. लग्नाच्या मांडवातसुद्धा. यजमानाचं तोंड उतरायचं, आणि हे मात्र समाधानाने मान हलवून, “बरं शे,” म्हणत गटागटा पिणार. मन खुश असलं की तोंडात अहिराणी यायची. दुखावले की अगदी पुस्तकातलं मराठी बोलायचे, तेही हळू आवाजात. नानांना ओरडताना मी कधी ऐकलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यांची बायको सुशीला. ती आजारी पडली तेव्हा आम्ही सगळे कॉलनीतच होतो. दोन-अडीच महिने ती अंथरुणाला खिळून होती. नाना ड्युटी करायचे आणि उरलेला वेळ तिच्याजवळ बसायचे. चूल पेटवायला घरात कुणी नाही, मुलगी तेव्हा शिकायला बाहेर. मग कॉलनीतल्या बायकांनी डबे वाटून घेतले. एकतीस घरं होती. कुणी सोमवार, कुणी मंगळवार, कुणी सकाळचा, कुणी रात्रीचा. यात थोर काही नव्हतं हो, कॉलनीत तेव्हा असंच चालायचं. आमच्या वाट्याला शुक्रवार होता आणि खरं सांगते, दोन शुक्रवार मी विसरलेसुद्धा.

सुशीला पडल्या पडल्या म्हणायची, “मी बरी झाले ना, की समद्यांना बोलावून मांडे करून घालीन. आभार काय तोंडानं मानायचे? ताटात वाढायचे.” खापरावरचे पुरणाचे मांडे म्हणजे त्यांच्याकडचा मोठा थाट. ती काही बरी झाली नाही. पौष लागायच्या आत गेली. आणि ते मांडे नानांच्या मागे लागले ते लागलेच.

पण त्यांनी बोलवायचं ठरवेपर्यंत कॉलनी फुटली होती. जुने संच बंद पडले, बदल्यांचे कागद आले. कुणी परळीला, कुणी भुसावळला, कुणी चंद्रपूरला. रिटायर झालेले पोरांकडे पुण्याला गेले. मी आणि नाना तेवढे नाशिकला जेलरोडवर एकाच बिल्डिंगमध्ये राहिलो, मी तळाला, ते वर.

मग नानांनी हलवा सुरू केला. संक्रांतीचा काटेरी हलवा, तिळावर साखरेच्या पाकाचे काटे फुटवतात तो. सुशीला दर वर्षी करायची आणि हळदीकुंकवाला वाटायची. पुरुषमाणसाने करायचं हे काम नव्हे, आणि मी तसं तोंडावर म्हटलंसुद्धा. नानांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मार्गशीर्ष लागला की गॅलरीत शेगडी पेटायची. निखाऱ्यावर राख पसरून आच इतकी मंद करायची की वर धरलेला हात भाजू नये. त्यावर परात, परातीत तीळ, आणि चमच्याने पाकाचे दोन-तीन थेंब. मग बोटांनी हलवत राहायचं. वाळलं की पुन्हा दोन थेंब. असं रोज तीन तीन तास, पंधरा-वीस दिवस. पहिल्या खेपेला सगळं गोळा होऊन बसलं, खडीसाखरेचा दगड. दुसऱ्या वेळी ढगाळ हवा पडली, काटाच येईना. मी म्हटलं, “नाना, मेनरोडला आयता मिळतो हो.” तर म्हणाले, “घाई केली की काटा मोडतो, ताई.” जसं काही मी घाईबद्दल बोलत होते! तिसऱ्यांदा जमला. पांढराशुभ्र, एकेका तिळाला टोकदार काटे. त्यांची बोटं मात्र टोकाला भाजून लाल झालेली असायची, आणि पौष संपेपर्यंत आमटीचा घास घेताना ते ओठ दाबून धरायचे.

तो हलवा छोट्या प्लास्टिकच्या पुडीत भरायचा, पुडी कार्डाला टाचायची, कार्ड पाकिटात. पाकिटावर लाल पेनाने, ‘आत हलवा आहे, जपून’. एकतीस पाकिटं. तीस पोस्टात आणि एकतिसावं माझ्या हातात. बेल कधी वाजवायचे नाहीत, दाराबाहेर उभं राहून खाकरायचे.

आणि आत पत्र. छापील ‘तिळगूळ घ्या गोड बोला’ नव्हे, प्रत्येकाला वेगळं आणि दर वर्षी वेगळं. पाकिटं भरायला मी बसायचे म्हणून मला ती वाचायला मिळायची. आमच्या कॉलनीत गांगुर्डे म्हणून क्रेन चालवायचे, त्यांना लिहिलं होतं, ‘आपण रात्रपाळीहून परत येताना आमच्या दाराच्या अलीकडेच स्कूटर बंद करून ढकलत नेत असा. सुशीलाची झोप मोडू नये म्हणून. आपल्याला वाटत असेल कुणी बघत नाही. मी खिडकीतून बघत होतो. आभार.’ एका बाईंना लिहिलं होतं, ‘आपल्या मंगळवारच्या डब्यात कारल्याची भाजी असे. तिला तेव्हा दुसऱ्या कशाची चव लागत नव्हती.’ मला लिहिलं, ‘आपण तिच्या डोक्याला तेल लावून वेणी घालून देत असा.’ मी दोनदा लावलं होतं तेल. दोनदा! आणि हा माणूस वर्षानुवर्षं त्याचे आभार मानत बसलेला. वाचताना मला लाज वाटायची आणि लाज वाटली की मला राग येतो, तशी मी पहिल्यापासूनचीच.

प्रत्येक पत्राची शेवटची ओळ एकच, ‘एकदा सवडीने नाशिकला या. मांडे करायचे राहिले आहेत.’

पहिल्या वर्षी नऊ जणांची उत्तरं आली. दुसऱ्या वर्षी चार. मग मोबाइल आले, ग्रुप झाला, आणि उत्तरं थांबली ती थांबलीच. नानांकडे साधा फोन, ते ग्रुपवर नव्हते. मी होते. तिथे मला सगळं दिसायचं. वाघसाहेब म्हणून आमचे एक इंजिनिअर, आता पुण्याला असतात, ग्रुप त्यांनीच काढलेला. त्यांनी एका संक्रांतीला लिहिलं, ‘आलं का सगळ्यांना नानांचं पाकीट? आमच्याकडे मुंग्यांची संक्रांत जोरात!’ खाली हसून हसून रडणारे चेहरे, वीस-बावीस. दुसऱ्या कुणी लिहिलं, ‘आम्ही कामवालीच्या पोरांना देतो.’ तिसऱ्याने, ‘पत्र वाचून उगाच अपराधी वाटतं यार, कुणीतरी सांगा त्यांना, बास आता.’

हे वाचतेय तोच दाराबाहेर खाकरणं. नाना आत आले, बसले आणि विचारलं, “काय म्हंतस मंडळी? पोचला का हलवा?”

मी त्यांच्या बोटांकडे बघितलं. काय सांगू मी त्यांना? म्हटलं, “सगळ्यांना आवडला हो. वाघसाहेब म्हणाले, असा काटा बाजारात मिळायचा नाही.”

“वाघसाहेब म्हणाले?”

“हो तर.”

“कसं म्हणाले? परत सांगा.”

मी परत सांगितलं. त्यांचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, काय बिघडलं एवढंसं खोटं बोललं तर?

बिघडलं ते असं, की मग ते दर वर्षी यायला लागले. संक्रांत झाली की आठ दिवसांनी हजर. “गांगुर्डे काय म्हणाले? कारल्याच्या भाजीवाल्या बाई?” आणि मी एकेकाच्या तोंडून बोलायचे. त्यात मी तरबेज झाले, काय खोटं सांगू! कोण कसं बोलतं मला पाठ होतं. गांगुर्ड्यांचं “लय भारी नाना” मी त्यांच्यासारखं नाकातून म्हणायचे. नाना हसायचे. आणि पुढच्या पत्रात लिहायचे, ‘आपण हलव्याचे कौतुक केलेत असे निकमताईंकडून समजले. आभार.’ म्हणजे आता माझ्या थापा पोस्टाने गावोगाव जायला लागल्या! वाघसाहेबांचा मला फोन आला. मी म्हटलं, झालं, आता हे झापणार. तर ते हसत म्हणाले, “बरं करताय निकमबाई, तुम्हीच सांभाळा त्यांना. आमच्या डोक्याचा ताप गेला.” तेव्हा मला कळायला हवं होतं. पण मी खुश झाले. साहेबाने शाबासकी दिली की अजूनही खुश होते मी, रिटायर झाले तरी.

नाना मात्र म्हणायला लागले, “एवढं प्रेम करतस, तं येतीलच की एक दिवस. एकदम समदे येतील बघा.”

आणि आले. एकदम समदे आले.

मागच्याच्या मागच्या डिसेंबरात ग्रुपवर ठरलं, स्नेहमेळावा घ्यायचा. कुठे? तर नाशिकला. गंगापूर धरणाच्या अंगाला कुठलंसं रिसॉर्ट. सगळ्यांना एकसारख्या टोप्या. मी विचारलं, ‘नानांना कळवलंत का?’ उत्तर आलं, ‘ते तर नाशिकचेच! तुम्ही सांगा ना, एकाच बिल्डिंगमध्ये आहात.’

मी सांगितलं नाही.

विसरले नाही, मुद्दाम सांगितलं नाही. महिनाभर रोज ठरवायचे आणि रोज जिन्यापर्यंत जाऊन परत यायचे. कारण नाना तिथे आले असते आणि पहिल्या माणसाला पहिला प्रश्न काय विचारला असता? हलवा आवडतो ना? आणि तो कावराबावरा होऊन माझ्याकडे बघणार. एकतीस घरच्या माणसांसमोर मी खोटी पडणार. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. माझी अब्रू राखायला मी त्या माणसाचं सोळा वर्षांचं वाट पाहणं मातीत घातलं.

रविवारी सकाळी मी ठेवणीतली पैठणी नेसले आणि मागच्या गेटने बाहेर पडले. वर गॅलरीत नाना ताटात तीळ निवडत बसले होते. त्यांनी बघितलं असेल का, मला माहीत नाही.

मेळावा झकास झाला. गाणी झाली, संगीत खुर्ची झाली. मग आठवणींचा कार्यक्रम. वाघसाहेबांनी माइक घेतला. म्हणाले, “आपली कॉलनी म्हणजे एक कुटुंब होतं. आहेरांच्या घरी आजारपण आलं, तेव्हा एकतीस घरांनी अडीच महिने डबे दिले! आजच्या काळात कुठे दिसतं असं?” टाळ्या! काय टाळ्या, काय टाळ्या! स्वतःच्याच चांगुलपणाला सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा. ज्याच्या घरचं ते आजारपण, तो तिथून अर्ध्या तासावर बसलेला.

मग गांगुर्डेच म्हणाले, “अरे पण नाना कुठे? दिसले नाहीत.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “बरं नाही त्यांना. झोपून असतात.”

“अरेरे,” वाघसाहेब माइकवरच म्हणाले. “चला, जेवण तयार आहे.”

ते प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण गांगुर्डे भला माणूस. दुसऱ्या दिवशी भुसावळची गाडी पकडायच्या आधी शाल आणि केळी घेऊन ते नानांना बघायला गेले. आजारी माणसाला बघायला! दार नानांनीच उघडलं, धडधाकट, हाताला तीळ लागलेले. पुढे काय झालं ते गांगुर्ड्यांनी मला फोनवर सांगितलं. ते म्हणाले, “नाना, काल आला नाहीत, लय चुकल्यासारखं झालं. निकमबाई म्हणाल्या तुम्ही झोपून असता.” नानांनी विचारलं, काल काय होतं. मग सगळंच निघालं. रिसॉर्ट, टोप्या, टाळ्या. नाना म्हणाले, “आपण आमचा हलवा दर वर्षी आवडीने खाता असे समजले होते.” आणि गांगुर्ड्यांना खोटं बोलता येत नाही. ते हातातल्या शालीची घडी घालत बसले.

“बाई, मला बसा म्हणाले हो,” गांगुर्डे मला फोनवर सांगत होते. “चहा दिला. मी स्कूटर ढकलत न्यायचो त्याची आठवण काढली. मला तर रडू फुटलं. तुम्ही असं का केलंत?”

का केलंत! तुम्ही सोळा वर्षं दोन ओळी लिहिल्या असत्या तर मला बोलावं लागलं असतं का? हे मी त्यांना म्हटलं नाही, मनात म्हटलं. मनात मी फार शूर आहे.

त्या वर्षी गॅलरीत शेगडी पेटली नाही. रोज मी अंगणातून वर बघायचे, कोळशाचा वास येतो का म्हणून थांबायचे. संक्रांतीला दाराबाहेर कुणी खाकरलं नाही. माझं पाकीट आलं नाही, येणार नव्हतंच.

पण बाकी तिसांना गेली. मला ग्रुपवरच कळलं. वाघसाहेबांनी फोटो टाकला होता, कार्डाला टाचलेली पुडी आणि पुडीत नुसते तीळ. साखर नाही, पाक नाही, पत्रही नाही. पांढरे, निवडलेले, धुतलेले, कोरडे तीळ. मी खुर्चीत बसूनच राहिले. मला कळलं, नाना काय म्हणत होते. गोड बोलणं संपलं, एवढंच म्हणत होते.

आणि या लोकांना काय कळलं? वाघसाहेबांनी खाली लिहिलं होतं, ‘वा नाना! सगळ्यांना डायबिटीस आहे हे लक्षात ठेवून या वर्षी शुगर-फ्री! नाना द ग्रेट!’ मग धडाधडा सुरू. ‘किती विचार करतात आपला!’ ‘तिळात कॅल्शियम असतं.’ ‘खूप खूप आभार नाना, निकमबाई त्यांना सांगा.’ इतक्या वर्षांनी त्यांच्या पाकिटाला पुन्हा उत्तरं आली, एका दिवसात सत्तावीस. हसावं की रडावं? मी फोन आपटणार होते.

तेवढ्यात गांगुर्ड्यांचं आलं. ‘नाना, तीळ मिळाले. आमचं तोंड कडू केलंत, बरोबरच केलंत. मांडे मागायला आता कुठल्या तोंडाने येऊ? पण तुम्ही हो म्हणालात तर उद्याच्या गाडीने निघतो. माफ करा.’

ते वाचलं आणि मी तशीच वर गेले. दोन दिवसांनी मुलगी त्यांना सटाण्याला घेऊन जाणार होती, सामान बांधलेलं होतं. तिकडेच ते गेले, वैशाखात. म्हणजे हीच आमची शेवटची भेट. दार उघडंच होतं. नाना खिडकीपाशी खुर्चीत बसलेले.

“या, निकमताई. बसावे,” म्हणाले. अगदी पुस्तकातलं.

मी म्हटलं, “नाना, चुकलं माझं. फार चुकलं. पण आज उत्तरं आली आहेत. खरोखरची. वाचू?”

त्यांनी मान हलवली. मी वाचायला लागले. सत्तावीसच्या सत्तावीस वाचली, शुगर-फ्री आणि कॅल्शियमसकट, काही गाळलं नाही, काही घातलं नाही. आवाज कुणाचा काढला नाही. ते डोळे मिटून ऐकत होते. मग गांगुर्ड्यांचं वाचलं.

नानांनी डोळे उघडले. “परत वाचा.”

मी परत वाचलं.

“उद्याच्या गाडीने निघतो, असं लिहिलंय?”

“हो. नाना, हो म्हणा. मी आत्ता कळवते. मुलीला दोन दिवस थांबू द्या. मी पुरण घालते, सगळं करते.”

ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. टाइम ऑफिसात येऊन कुणी खोटं कारण सांगितलं की मी त्याच्याकडे बघायचे, तसे.

“हे गांगुर्ड्यांनी लिहिलंय, ताई, का तुम्ही?”

मी फोन त्यांच्यापुढे धरला. “हे बघा, वर नाव आहे त्यांचं. चष्मा लावा आणि स्वतः वाचा. सुशीलेची शपथ, नाना, हे खरं आहे.”

चष्मा समोर खिडकीतच होता. त्यांनी हात पुढे केला नाही.

“असेल,” ते म्हणाले. “तुमच्या तोंडून सगळे नेहमी छानच बोलायचे.”

मग गुडघ्यावर हात टेकून ते उठले आणि आतल्या खोलीत गेले. मी थोडा वेळ थांबले, दोनदा हाक मारली. ते बाहेर आले नाहीत, मग मीच दार ओढून घेतलं आणि जिना उतरून खाली आले.